भरवशाचे मशीन

आमच्या गल्लीत कोणाच्या घरी कोणते शिवणाचे मशीन आहे, हे लहानपणी मला तोंडपाठ होते. कोणाचे हाताचे, कोणाचे पायाचे, कोणाचे विजेवर चालणारे. कोणाचे दोरा तोडते, कोणाचे टाके सोडते, कोणाचे सुया खाते, हेही मला ठाऊक असे. मशीन बिघडले की गल्लीतल्या बायका मिस्त्रीकडे जाण्याआधी आमच्या दारात येत. माझी अम्मी काही कारागीर नव्हती. पण ती रोज सात-आठ तास शिवायची आणि मशीनचा नुसता आवाज ऐकून त्याचे काय दुखते ते सांगायची.

आमचे गाव मालेगाव. मालेगाव म्हणजे यंत्रमागांचे गाव. आमच्या भागात दिवसरात्र मागांची खटखट चाले. शुक्रवारी माग बंद असत. त्या दिवशी गल्ली इतकी शांत होई की नवखा माणूस घाबरून जावा. माझे अब्बा मागावर काम करीत. त्यांच्या मजुरीत भाजीभाकरी निघे. आम्हा तिघा भावंडांच्या वह्या, गणवेश, दवाखाना आणि पाहुणेरावळे हे सारे अम्मीच्या मशीनवर अवलंबून होते. म्हणून मशीन बंद पडणे ही आमच्या घरात लहान गोष्ट नव्हती.

लोक आपल्या मशीनबद्दल बोलतात तेव्हा ते यंत्राबद्दल बोलत आहेत असे वाटतच नाही. घरातल्या माणसाबद्दल किंवा गोठ्यातल्या जनावराबद्दल बोलावे तसे बोलतात. आमच्या एका खालांचे मशीन फक्त त्यांच्याच हाताला वळण देई. दुसरी कोणी बसली की दोरा तुटलाच! खालांना याचा फार अभिमान होता. "माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही," असे त्या सांगत. अम्मी मात्र हळूच म्हणे, "वरचा ताण जास्त आवळलाय. तिला सवय झाली आहे, ती दोऱ्याला हात लावून सांभाळून घेते. बाकीच्यांना ते कसं कळणार?" पण हे तिने खालांना कधी सांगितले नाही.

समोरच्या घरातल्या सुनेला लग्नात पायाचे नवेकोरे मशीन मिळाले होते. त्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर टीव्ही आणि टीव्हीवर फुलदाणी होती. ते मशीन कधीच बिघडले नाही. कारण ते कधी चाललेच नाही! धुळ्याला राहणाऱ्या फुफींचे मशीन मात्र वीस वर्षे रोज चालत होते. त्यांची त्याबद्दल एकही तक्रार नव्हती. त्यांना कोणी विचारले, की तुमच्या मशीनमध्ये असे काय आहे, तर त्या तेलाची कुपी दाखवीत.

शेजारी काकू राहत. त्या आमच्या धर्माच्या नव्हत्या, पण त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक भिंत तेवढी होती. ती भिंतही इतकी पातळ होती की इकडे अम्मीने मशीन थांबवले की तिकडून काकू विचारीत, "आपा, दोरा संपला का?" मराठी मी शाळेत शिकले खरी, पण त्याच्या आधी ती काकूंकडून शिकले. काकू कात्री म्हणत, अम्मी कैची म्हणे. काकू दोरा म्हणत, अम्मी धागा म्हणे. अस्तर मात्र दोघींचे एकच होते आणि रफूही एकच. काकूंच्या सदऱ्याला खिसा असे आणि अम्मीच्या कमीजला जेब. पुढे मला कळले, की काकूंचा तो अस्सल मराठी वाटणारा 'खिसा' फारसीतल्या 'कीसा' या शब्दावरून आलेला आहे. मी हे काकूंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे. आता तो आमच्याकडेच राहील."

अम्मीचे मशीन हाताचे होते. काळ्या रंगाचे, पोटावर सोनेरी वेलबुट्टी असलेले, लाकडी पेटीत बसणारे. ते मूळचे माझ्या नानीचे. अम्मीच्या लग्नात नानीने ते तिच्याबरोबर दिले. नव्या मशीनला पैसे नव्हते म्हणून वापरातले दिले, असे नानी ओशाळून म्हणे. तोपर्यंतच सोनेरी वेलबुट्टी उजव्या बाजूला झिजून गेली होती. तिथे नानीचा हात टेकत असे. पुढे तिथेच अम्मीचा हात टेकू लागला.

हे मशीन टाका कसा घालते, हे मला अब्बांनी समजावून दिले. हातशिलाईची सुई आठवा. तिचे नेढे मागच्या टोकाला असते. मशीनच्या सुईचे नेढे पुढे, अणीजवळ असते. सगळी युक्ती इथेच आहे. सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते. परत वर येऊ लागली की खाली दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी खालचे शटल येते. आमच्या मशीनचे शटल अर्ध्या चंद्रासारखे होते. त्याचे टोक त्या फासात शिरते आणि फास बॉबिनच्या भोवतीने फिरवून आणते. त्यामुळे वरच्या दोऱ्यात खालचा दोरा अडकतो. मग वरची दांडी दोरा ओढून घेते आणि दोघांची गाठ कापडाच्या जाडीत लपते. झाला एक टाका. मागाच्या धोट्यालाही इंग्रजीत शटलच म्हणतात. त्यामुळे अब्बांना हे सांगताना फार मजा वाटे. "माझा धोटा आडवा धावतो, तुझ्या अम्मीचा जागच्या जागी डोलतो. काम एकच, दोरा नेऊन आणायचा," असे ते म्हणत.

या युक्तीमागे बरीच माणसे आहेत. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या यंत्रांवर पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले. तेव्हा आपले पोट जाईल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी १८३१ मध्ये ती यंत्रे फोडून टाकली. अमेरिकेत एलियस हाउ याने १८४६ साली अणीजवळ नेढे असलेली सुई आणि शटल यांच्या यंत्राचे पेटंट मिळवले. आयझॅक सिंगरचे पेटंट १८५१ चे. सिंगरच्या कंपनीने आणखी एक गोष्ट केली. एवढे महाग यंत्र एकदम कोण घेणार? म्हणून तिने ते हप्त्याने विकायला सुरुवात केली. आपल्या देशातही ही यंत्रे एकोणिसाव्या शतकातच आली. पुढे कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये १९३० च्या दशकात 'उषा' यंत्रे तयार होऊ लागली. यंत्रांविषयी अतिशय सावध असणाऱ्या गांधीजींनीसुद्धा शिवणयंत्राला सूट दिली होती. १९२४ साली दिल्लीत एका तरुणाने त्यांना यंत्रांबद्दल प्रश्न विचारले, तेव्हा माणसाच्या खरोखर उपयोगी पडणारे यंत्र म्हणून त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचेच उदाहरण दिले.

काकूंच्या घरी त्यांच्या सासूबाईंचे असेच एक सिंगर होते. त्याच्या अंगावर पितळी पट्टी होती आणि पट्टीवरचा क्रमांक 'वाय' या इंग्रजी अक्षराने सुरू होत होता. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावी सिंगरचा प्रचंड कारखाना होता. तो १९८० साली बंद झाला. 'वाय' अक्षराची मशिने त्या कारखान्यात १९२० आणि १९३० च्या दशकांत बनत. म्हणजे काकूंचे मशीन आगबोटीने समुद्र ओलांडून आले होते. त्याचे चाक अजूनही बोटाच्या धक्क्याने फिरत असे. पण ते शिवत नव्हते. त्याचे शटल बंदुकीच्या गोळीसारखे लांबट होते आणि बॉबिन काडीसारखी बारीक. ते शटल घर बदलताना हरवले. तसे दुसरे काही मिळाले नाही. एवढे मजबूत यंत्र, पण बोटाएवढ्या एका तुकड्यासाठी पंधरा वर्षे कोपऱ्यात उभे होते.

याबद्दल आमच्या मिस्त्रीचाचांचे मत पक्के होते. त्यांचे दुकान म्हणजे जिन्याखालची चार फूट जागा. ते म्हणत, "मशीन मजबूत आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा, याचा सामान बाजारात मिळतो का?" अम्मीच्या मशीनचे प्रत्येक अंग मिळत असे. शटल, बॉबिन, बॉबिन केस, दाते, स्प्रिंग, काहीही मागा. लुधियानात ही मशिने आणि त्यांचे भाग बनवणारे अनेक कारखाने आहेत आणि बरीचशी देशी मशिने एकाच घडणीची आहेत. नाव वेगळे असले, तरी एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. चाचांच्या दुकानात बिस्किटांच्या डब्यांत हे भाग भरून ठेवलेले असत. कोणता डबा कशाचा, यावर काही लिहिलेले नव्हते. पण चाचांचा हात कधी चुकत नसे.

दुसरी गोष्ट ते सांगत ती सुईची. लोक मशीन डोक्यावर घेऊन यायचे आणि चाचा फक्त सुई बदलून द्यायचे. सुई जराशी वाकली किंवा तिची अणी बोथट झाली, की टाके सुटतात आणि दोष मशीनला लागतो. घरगुती मशीनच्या सुईची एक बाजू वर चपटी असते. ती उलटी बसवली तर शटलला फास सापडतच नाही. मलमलीला ११ नंबरची सुई, साध्या सुती कापडाला १४ ची, जाड कापडाला १६ किंवा १८ ची. आणि कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे झाले, तर सगळे बॉबिनला दोष देतात. प्रत्यक्षात बहुधा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. खालचा गुंता वरच्या दोऱ्यामुळे होतो, हे मला फार दिवस नवल वाटत असे.

आता २००५ सालची गोष्ट. मी तेव्हा नववीत होते. त्या काळात महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा होता. भारनियमनामुळे आमच्याकडे दिवसातून कधी सहा तास, कधी आठ तास वीज नसे. माग बंद, म्हणजे मजुरी बंद. अब्बा दारात बसून राहत. त्याच वर्षी उन्हाळ्यात अम्मीने विजेवर चालणारे मशीन घ्यायचे ठरवले. हाताच्या मशीनवर साडीला पिको होत नाही, कारण त्याची सुई डावीउजवीकडे हलत नाही. गल्लीतल्या आणि काकूंच्या ओळखीच्या बायका फॉल-पिकोसाठी बाजारात जात. ते काम घरी आले तर महिन्याला चार पैसे वाढतील, असा हिशेब होता. अम्मी आणि काकू एकाच बचत गटात होत्या. गटाने सात हजार रुपये कर्ज दिले. महिन्याला चारशे रुपये फेडायचे होते.

मशीन दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दुकानातून आणले. पांढरेशुभ्र, हलके, हातात उचलून नेता येईल असे. त्याला काज करता येत होते, पिको करता येत होता, वेलीसारखे टाकेही घालता येत होते. एक वर्षाचे हमीपत्र मिळाले. ते अम्मीने घराच्या कागदांबरोबर पेटीत ठेवले. काळे मशीन फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेले. अब्बांनी ते चढवले. चढवताना म्हणाले, "किती जड आहे!" अम्मी काही बोलली नाही.

सुरुवातीचे चार महिने नवे मशीन उत्तम चालले. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झाले त्यामुळे गल्लीत सगळ्यांनी त्याला उगाच वाईट ठरवले. वीज असेल तेव्हा ते वाऱ्यासारखे धावे. पिकोच्या साड्या येऊ लागल्या. गटाचे हप्ते वेळेवर जाऊ लागले.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. काकूंनी आपल्या नात्यागोत्यातून ब्लाउजची कामे आणली आणि आमच्या गल्लीतल्या मुलांचे ईदचे कपडे होतेच. अम्मीने वहीत लिहिले ते एकूण ५३ नग झाले. इतके काम तिने कधी घेतले नव्हते. निम्म्या लोकांनी थोडे थोडे पैसेही आधी दिले होते. त्यातून दोरे, अस्तर आणि बटणे आणली होती.

रमजानचा दुसरा आठवडा होता. दुपारी वीज आली आणि अम्मी एका लहान मुलाच्या जाड पँटची शिवण मारायला बसली. चार पदरी कापडावर मशीन अडले. मोटार गुरगुरत राहिली आणि आत काहीतरी खरखरले. सुई वरच थांबली. चाक फिरत होते, मोटार फिरत होती, पण सुई हलत नव्हती.

मिस्त्रीचाचांनी पांढरे झाकण उघडले. आत प्लॅस्टिकचे एक दातेरी चाक होते. त्याचे तीन दात उडाले होते. चाचा रागावले नाहीत. ते म्हणाले, "हे चाक मुद्दाम नरम ठेवतात. आवाज कमी होतो, आणि जोर आला तर मोटारीऐवजी हे तुटतं. पण हा सामान माझ्याकडे नाही. मुंबईहून मागवावा लागेल. पंधरा दिवस तरी धरा."

दुसऱ्या दिवशी रोजा असताना अब्बा बसने त्या दुकानात गेले. हमीपत्र बरोबर नेले. दुकानदाराने ते शांतपणे वाचून दाखवले. हमी फक्त घरगुती वापरासाठी होती. पैसे घेऊन दुसऱ्यांचे कपडे शिवणे हा धंद्यातला वापर. त्याला हमी लागू नाही. अब्बांनी विचारले, "घरात बसून बाई शिवते, तो घरगुती वापर नाही?" दुकानदार म्हणाला, "कागदावर लिहिलं आहे." कागदावर खरेच तसे लिहिले होते. अक्षर इतके बारीक होते की भिंग घेऊन वाचावे लागले असते. मला विचाराल तर घर आणि धंदा यांच्यामध्ये अशी रेघ ओढणाऱ्याने आमच्यासारखे घर पाहिलेले नसते. आमच्या घरात स्वयंपाक, अभ्यास, झोप आणि धंदा एकाच खोलीत होत असे.

काकूंनी ही हकिकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. "भरवशाच्या म्हशीला टोणगा!" त्या म्हणाल्या. अम्मीला वाटले, काकू मशीनला काहीतरी बोलल्या. मी तिला अर्थ सांगितला. जिच्यावर सारी आशा ठेवावी, त्या म्हशीला नेमका रेडा व्हावा, तशी गत. अम्मी त्या अवस्थेतही हसली. "म्हैस आणि मशीन," ती म्हणाली, "तुमच्या मराठीत फार फरक नाही."

त्याच संध्याकाळी इफ्तारनंतर काळे मशीन माळ्यावरून खाली आले. सहा महिन्यांत त्यातले तेल घट्ट झाले होते. अम्मीने प्रत्येक छिद्रात रॉकेलचे थेंब सोडले आणि चाक बराच वेळ नुसते फिरवले. काळपट मळ बाहेर आला. तो पुसून मग मशीनचे तेल दिले. दात्यांखाली कापसाच्या तंतूंचा जाड थर बसला होता. तो सुईच्या टोकाने काढला. नवी सुई लावली. एका चिंधीवर दोन बोटे शिवून पाहिले आणि चिंधी दिव्याजवळ धरली. टाका दोन्हीकडून सारखा होता.

पण हाताचे मशीन फार हळू. उजवा हात चाक फिरवण्यात गुंतलेला, कापड सांभाळायला एकटा डावा. म्हणून पहिले दोन दिवस चाक मी फिरवले आणि अम्मीने दोन्ही हातांनी कापड धरले. तिने "थांब" म्हटले की थांबायचे, "हळू" म्हटले की एकेक टाका. पहिल्या रात्रीनंतर माझा खांदा इतका दुखू लागला की मला पाटीवरची पोळी तोडता येईना.

तिसऱ्या दिवशी काकूंनी सुचवले, "आमच्या सासूबाईंच्या मशीनचा स्टँड रिकामाच आहे की. त्यावर बसेल का तुमचं डोकं?" मिस्त्रीचाचांना बोलावले. त्यांनी मापे घेतली. शंभर वर्षांत या यंत्रांच्या बैठकीचे माप फारसे बदललेले नाही, हे मला तेव्हा कळले. काकूंचे जुने डोके बिजागरीवरून काढले आणि अम्मीचे काळे मशीन त्या जागी बसले. हाताची मूठ सोडवली, चाकावर चामड्याचा नवा पट्टा चढवला. अम्मीने पायडलवर पाय ठेवले. काकूंच्या सासूबाई पलंगावरून बघत होत्या. त्यांना नीट दिसत नव्हते. आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "चाललं वाटतं माझं मशीन." कोणी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला अजून आठवतात ते आवाजामुळे. वीज गेली की साऱ्या भागातले माग एकदम थांबत. कानांत दडे बसावेत अशी शांतता पसरे. आणि त्या शांततेत काकूंच्या ओसरीवरून फक्त एकाच यंत्राचा आवाज येत राही. दिवसा उजेडात, रात्री कंदिलाजवळ. जिथे दिसत नसे तिथे अम्मी बोटाने शिवण चाचपून घेई. मी बटणे लावी, काकू हातशिलाई करीत. अब्बांना मागावर काम नसेल तेव्हा ते बॉबिन भरून ठेवत. अंगुस्तान घालून बसलेले अब्बा पाहून गल्लीतली पोरे हसत, पण अब्बांनी ते काढले नाही.

तरी सगळे काम झाले नाही. दिवाळीच्या आधी ब्लाउज गेले. ईदच्या चांदरातीपर्यंत एकूण ४६ नग पुरे झाले. सात राहिले. त्या सात घरी अम्मी स्वतः गेली. कापड परत दिले आणि आधी घेतलेले पैसेही परत दिले. पाच घरांनी समजून घेतले. एका बाईंनी पैसे मोजून घेतले आणि दार लावले. सातवे घर खालांचे होते. त्या म्हणाल्या, "मशीन माझ्याकडे आणलं असतंस तर माझं तरी चाललं असतं." अम्मी म्हणाली, "खाला, ते तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही ना!"

त्या महिन्याचा गटाचा हप्ता काकूंनी भरला. अम्मीने तो जानेवारीत फेडला.

मुंबईहून दातेरी चाक ईदनंतर आठ दिवसांनी आले. चाचांनी ते बसवले. मजुरी घेतली नाही, चाकाची किंमत तेवढी घेतली. पांढरे मशीन पुन्हा सुरू झाले आणि पुढे नऊ वर्षे चालले. त्यावर अम्मीने जाड कापड पुन्हा कधी घेतले नाही. पिको, काज आणि पातळ ओढण्या एवढेच. जाड काम काळ्याकडे. दोघांनी कामाची अशी वाटणी करून घेतली आणि गल्लीत पांढऱ्याची जी बदनामी झाली होती ती हळूहळू विरली. त्याच्यावर माझा कधीच राग नव्हता. पातळ कापडासाठी बनवलेल्या यंत्राला चार पदरी जाड कापड शिवायला लावले आणि ते थकले. माझा राग त्या बारीक अक्षरांवर आहे. तो अजून गेलेला नाही.

मिस्त्रीचाचा आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा दुकान चालवतो. तो संगणकावर चालणारी भरतकामाची मशिने दुरुस्त करतो आणि भाग मोबाइलवरून मागवतो. पण जिन्याखालचे बिस्किटांचे डबे त्याने टाकलेले नाहीत. काकूंच्या सासूबाईंच्या मशीनचे शटलही त्यानेच मिळवून दिले. कोणीतरी भंगारात काढलेल्या तशाच एका मशीनमधून ते निघाले. काकूंची नात आता त्यावर उश्यांचे अभ्रे शिवते. म्हणून स्टँड त्यांच्याकडे परत गेला आणि काळे मशीन पुन्हा लाकडी पेटीत, हाताच्या मुठीवर आले.

अम्मीच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. ती आता दुसऱ्यांचे शिवत नाही. नातवंडांचे शिवते. मागच्या महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा ती मशीनवर कान लावून बसली होती. "दहा टाक्यांत एक सोडतंय," ती म्हणाली. "सुई बदलली. दोरा बदलला. तेल दिलं." मी शटल काढून उजेडात धरले. अर्ध्या चंद्राचे टोक झिजून गोल झाले होते. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच बदलायचे होते. चाचांच्या मुलाने तिन्ही डबे पालथे केले, पण हवे ते शटल निघाले नाही. त्याने लुधियानाला फोन लावला. आठ दिवसांत येईल म्हणाला. किंमत साठ रुपये.